निकालात निघालेलं लग्न आणि मेन रोडचे शूटिंगवाले

जुन्या व्हीएचएस कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देणारं कुणी नाशकात उरलंय का, असं दिवाळीपासून मला तिघींनी विचारलं. उरलंय. मेन रोडच्या आतल्या गल्लीत, खाली चपलांचं दुकान, शेजारून जिना, जिन्याला कठड्याऐवजी दोरी. वर दहा बाय बाराची खोली. पाटी नाही. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. एक तर मला तक्रारीही करायच्यात, आणि दुसरं म्हणजे मालकांनीच हात जोडून सांगितलंय, "ताई, नेटवर नाव नका टाकू. एकटा माणूस आहे, गर्दी झेपत नाही." गल्लीत शिरून 'ते लग्नाचे शूटिंगवाले' एवढं विचारा, चपलांच्या दुकानातला पोरगा न बघताच वर बोट करतो.

माझ्याकडे अकरा कॅसेटी होत्या. आई गेल्यावर जेलरोडचं घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याच्या पेटीत निघाल्या. दादा, म्हणजे माझे वडील, प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेसमध्ये' म्हटलं की कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही. एक नोटांची प्रेस, एक स्टॅम्पांची. दादा स्टॅम्पांच्या. १९८७ साली मामा मस्कतहून व्हीसीआर, म्हणजे टीव्हीवरचं कॅसेटवर उतरवणारं मशीन, घेऊन आला आणि या शांत माणसाला वेड लागलं. आजूबाजूचे लोक शनिवारी नुसती कॅसेट दाखवणारा व्हीसीपी भाड्याने आणून रात्रीत तीन सिनेमे उडवायचे. आमच्याकडे फुकटचं मशीन असून दादा रेकॉर्ड काय करायचे? बातम्या. बजेट. निवडणुकीचे निकाल. आणि प्रत्येक कॅसेटच्या खोक्यावर स्टॅम्पाच्या आकाराच्या बारीक अक्षरात तारीख, वेळ, तपशील.

अकरातली एक कॅसेट आमच्या घरात कुप्रसिद्ध आहे. ताईच्या लग्नाची. मे १९९३, देवी मंदिराशेजारचं कार्यालय, शूटिंगवाल्याने तीन तासांची एकच कॅसेट दिली होती. ज्यांनी व्हीएचएस हाताळलीय त्यांना आठवेल, कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. ती मोडून खाच पाडली की त्या कॅसेटवर परत रेकॉर्डिंग होत नाही. लग्नवाले ती मोडूनच द्यायचे. मार्च १९९५ मध्ये विधानसभेची मतमोजणी चालू होती, घरातल्या कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या, दुकानं बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला कळलं की तिच्या थोरल्या लेकीची हळद, मंगलाष्टकं आणि सप्तपदी यांच्या जागी आता दूरदर्शनवर आकडे येत आहेत.

चुकून झालं असं दादा शेवटपर्यंत म्हणत राहिले. पण मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही, आणि चिकटपट्टी चुकून लागत नाही. "तुमच्या त्या निकालानं माझ्या लेकीची सप्तपदी खाल्ली," हे आईचं वाक्य आम्ही पुढची पंधरा वर्षं, प्रत्येक निवडणुकीला, ऐकलं. काका म्हणायचे, "पोरीचं लग्न निकालात निघालं." ताई हसायची, पण तिने ती कॅसेट कधी लावून पाहिली नाही. आता तिला साठ पूर्ण होतायत, म्हणून मी हा उद्योग काढला. तीन तासांतला दोन तास दहा मिनिटांचा भाग दादांनी खाल्ला होता. उरलेल्या पन्नास मिनिटांत काय आहे, कुणालाच आठवत नव्हतं.

आधी एका ऑनलाइन कंपनीला फोन केला होता. कॅसेटमागे बाराशे रुपये, आणि कॅसेटी कुरिअरने परराज्यात पाठवायच्या. एकुलती एक फीत कुरिअरच्या पोत्यात टाकायची हिंमत झाली नाही. मेन रोडचे भाऊ कॅसेटमागे चारशे घेतात. बुरशी असेल तर वर दीडशे.

भाऊ पासष्टीचे असतील. तीस वर्षं लग्नाचं शूटिंग केलं, मग मोबाइलने धंदा गिळला. खोलीत पाच व्हीसीआर आहेत, त्यातले दोन चालतात, तीन अवयवदानासाठी. नवीन मिळत नाहीत का म्हटल्यावर ते हसले. बरोबरच आहे, फुनाई नावाची जपानी कंपनी शेवटपर्यंत ही मशिनं बनवत होती, तिनेही जुलै २०१६ मध्ये थांबवलं. रबराचा रोलर झिजला की भाऊ दुसऱ्या मशीनमधला काढून लावतात. तिन्ही संपले की दुकान बंद, असं त्यांनीच सांगितलं, अगदी किराण्याचा हिशोब सांगावा तसं.

मी तासभर बसून काम बघितलं, आणि ज्यांना वाटतं की 'कॉपी तर करायचीय, चारशे कशाचे?' त्यांनीही बसावं. कॅसेट तीन तासांची असेल तर उतरवायला तीन तासच लागतात, त्यात घाई नाही. मशीनच्या आत एक चकचकीत ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, अर्धा इंच रुंदीची फीत त्याला तिरपी चिकटून सरकते आणि ड्रममधली हेडं चित्र वाचतात. हेडवर जरा मळ बसला की पडद्यावर मुंग्या. भाऊंनी माझी रामायणाची कॅसेट उजेडात धरली आणि खिडकीतून आतली रिळं दाखवली. काठाला पांढरी पूड, भाकरीवर येते तशी. "ताई, ह्याला बुरशी लागलीय. अशीच लावली तर हेड जाईल, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागेल." मग स्क्रू काढून कॅसेट उघडली, फीत हाताने गुंडाळत सुती कापडाला स्पिरिट लावून इंच-इंच पुसली. दीडशे रुपये याचे. मला तरी कमी वाटले.

आता तक्रारी.

आठ दिवस सांगितले, एकोणीस लागले. मध्ये तीनदा फोन केला, तिन्ही वेळा 'परवा'. हे नाशकात गृहीतच धरायचं.

दुसरी तक्रार गमतीची आहे. पेन ड्राइव्ह घरी आणून टीव्हीला लावला तर सगळं वऱ्हाड जाडजूड. ताईचे सासरे आयुष्यभर काठीसारखे होते, इथे पैलवान. जुनं चित्र जवळपास चौकोनी असतं, चारास तीन. आपले आजचे टीव्ही सोळास नऊ. भाऊंनी चित्र ताणून पूर्ण पडदा भरला होता. "लोकांना दोन्हीकडे काळ्या पट्ट्या आवडत नाहीत, पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत," हे त्यांचं म्हणणं. परत करून दिलं, फुकट, पण सांगावं लागलं. तुम्ही गेलात तर पहिल्याच दिवशी सांगा, चित्र ताणू नका, पट्ट्या राहू द्या.

तिसरं, त्यांचा पेन ड्राइव्ह जुन्या फॉरमॅटचा. त्यावर चार जीबीच्या पुढची फाइल बसत नाही, म्हणून मोठ्या फायली मधोमध तुटतात. एका कॅसेटवर अर्थमंत्री कराबद्दल काही सांगायला तोंड उघडतात आणि फाइल संपते. दुसरी फाइल शोधून लावेपर्यंत कर लागू झालेला असतो. स्वतःची हार्ड डिस्क न्या.

चौथी तक्रार मात्र खरी. लग्नाची फाइल फक्त एकतीस मिनिटांची निघाली. पन्नास अपेक्षित होती. मी परत जिना चढले. भाऊ म्हणाले, "फालतू होतं ते काढलं ताई. शेवटी कॅमेरा खाली ठेवलेला आहे, नुसते पाय दिसतात. आणि सुरुवातीला ते टीव्हीचं पण काढलं, आकडे-बिकडे." म्हणजे लग्न ठेवलं आणि निकाल काढला. दादांनी जे केलं होतं त्याच्या बरोब्बर उलट. मला हसावं की रडावं कळेना. त्यांचाही दोष नाही, सगळी गिऱ्हाइकं हेच सांगतात, आमच्या माणसांचे चेहरे तेवढे ठेवा. नशीब की मूळ उतरवलेलं ते पंधरा दिवस कॉम्प्युटरवर ठेवतात. मी म्हटलं, मला सगळं हवंय, मुंग्यांसकट. प्रक्षेपण अडलं की दूरदर्शन लावायचं ती 'व्यत्यय' ची पाटीसुद्धा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि दिलं.

तर गेल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या इंदिरानगरच्या हॉलमध्ये ताई, भाऊजी, मी, आमचे हे आणि काकांचा थोरला असे बसलो. बाहेरून चिवडा, घरी कॉफी.

आधी रामायण लावलं, कारण ते छोटं होतं. सगळं पुसूनही बावीस मिनिटंच वाचली, ३१ जुलै १९८८ च्या शेवटच्या भागातली. मावशी पंचवटीत सीतागुंफेच्या जवळ राहायची, टीव्हीवर पंचवटी आली की ती दर रविवारी न चुकता म्हणायची, "ही आपली नाही." नव्हतीच, शूटिंग गुजरातेत उंबरगावला झालेलं. पण मला जास्त गंमत त्या खोक्याची वाटली. दादांनी नंतर कधीतरी निळ्या पेनाने बाजूला लिहून ठेवलंय: 'सीता – बडोदा, रावण – साबरकांठा. १९९१. दोघे एकाच पक्षात!' उद्गारचिन्ह त्यांचंच. दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी त्या वर्षी खरंच भाजपकडून लोकसभेत गेले होते. मी खाली काळ्या पेनाने भर घातली: 'राम – मेरठ, २०२४.' अरुण गोविलांना पोचायला तेहेतीस वर्षं जास्त लागली. वनवासापेक्षा मोठा काळ, असं भाऊजी म्हणाले.

मग ती कॅसेट.

दोन तास दहा मिनिटांचा निकाल कुणी बघेल असं मला वाटलं नव्हतं. थोडं पुढे ढकलू म्हणून रिमोट हातात घेतला तर काकांचा थोरला म्हणाला, "राहू दे की." आणि आम्ही जवळजवळ सगळा बघितला. तेव्हा मतपत्रिका हाताने मोजायच्या, निकाल दोन-दोन दिवस ठिबकत राहायचा. मधल्या वेळात दूरदर्शन सरळ सिनेमा लावायचं. निवेदक एक आकडा सांगतात, कागद खाली ठेवतात, दुसरा कागद येईपर्यंत शांतता. खरी शांतता, संगीत-बिंगीत नाही. कुणी एक पाहुणे विश्लेषण करतायत, आणि बाकीचे ते संपेपर्यंत थांबतायत. आमचे हे म्हणाले, "आवाज गेला का?"

त्या काळाचं फार कौतुक करायचं नाही, हेही सांगते. दूरदर्शन सरकारच्या ताटाखालचंच मांजर होतं. राजीव गांधींच्या वेळी लोक त्याला 'राजीव दर्शन' म्हणायचे, आणि दादा काँग्रेसवाले असून म्हणायचे. विरोधी पक्षाचा माणूस पडद्यावर दिसायला निवडणूक लागायची. आज आठ चौकटींत आठ जण एकदम ओरडतात, तेव्हा एकालाच बोलायला मिळायचं आणि तो मंत्री असायचा. फरक इतकाच की तेव्हा सगळ्या घरांत तो एकच कार्यक्रम चालू असायचा, त्यामुळे भांडायला निदान विषय तरी एक होता. आता काकांच्या थोरल्याचं चॅनेल वेगळं, धाकट्याचं वेगळं, आणि दोघांच्या बातम्यांत महाराष्ट्रसुद्धा वेगवेगळा असतो.

खोक्याच्या आतल्या बाजूला दादांनी तक्ता आखलाय. पेन्सिलीने आकडे, खोडलेले, परत लिहिलेले, परत खोडलेले. शेवटी शाईने: काँ. ८०, से. ७३, भा. ६५, अप. ४५. काँग्रेसच्या ऐंशीखाली दोन रेघा इतक्या जोरात मारल्यात की कागद फाटलाय. काका शिवसैनिक; १९९४ च्या नाशिकच्या अधिवेशनात चार दिवस सतरंज्या उचलत होते. निकालाच्या त्या रात्री ते जेलरोडला आमच्याकडेच होते, आणि सेना-भाजपचं सरकार येतंय हे नक्की झाल्यावर पेढे आणायला बाहेर पडले. दुकानं बंद. मग आईने साखर दिली सगळ्यांच्या हातावर, दादांच्याही. दादांनी खाल्ली. आईच्या हातची होती म्हणून खाल्ली, असं ते नंतर सांगायचे.

थोरला हे सगळं ऐकत होता. काकांचे दोन मुलगे, दोघेही सेनेत, पण जून २०२२ पासून दोन वेगवेगळ्या. त्याआधी दसऱ्याला एकाच गाडीने मुंबईला जायचे. आता घरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून एकजण बाहेर पडलाय, आणि कोण ते मी सांगत नाही, कारण दोघेही हे वाचतील. मी थोरल्याला म्हटलं, "२०२४ ला बरं होतं, २३ नोव्हेंबरला दुपारपर्यंत सगळे आकडे हातात." तो म्हणाला, "आकडे दुपारी, मुख्यमंत्री ५ डिसेंबरला. तेव्हा आकड्यांना दोन दिवस लागायचे, बाकी भराभर." नाशिकचं तर विचारूच नका. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्री जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी स्थगिती आली. सिंहस्थ तोंडावर, आणि गावाला पालक कोण यावर रुसवेफुगवे. यातलं काही रेकॉर्ड करायचं तर दादांना किती कॅसेटी लागल्या असत्या, असं मनात आलं. आणि कुणाकुणाची लग्नं गेली असती.

मग निकाल एका वाक्याच्या मधोमध तुटला. 'पश्चिम महाराष्ट्रातील' एवढं म्हणून निवेदक गेले, दोन सेकंद मुंग्या, आणि एकदम हॅलोजनचा पांढराफेक उजेड. पंगत. ताई पुढे सरकून बसली.

एकतीस मिनिटं आधी पाहिलेलीच होती. पाठवणीत आई पदर तोंडात धरून उभी आहे, ताई रडतेय, मी सतरा रुपयांचा गजरा माळून कॅमेऱ्यात बघून हसतेय. त्यावर शूटिंगवाल्याने सिनेमातलं विदाईचं गाणं चिकटवलेलं, त्यामुळे कोण काय म्हणतंय ते कायमचं गेलं. तेव्हाचे सगळे शूटिंगवाले हे करायचे. मेन रोडचे भाऊही करायचे, त्यांनी कबूल केलं.

पण भाऊंनी काढून टाकलेली जी एकोणीस मिनिटं होती, तिथे गाणं नव्हतं. शेवटची पंगत, घरच्यांची. शूटिंगवालाही बहुधा जेवायला बसला होता आणि कॅमेरा चालूच राहिला होता, जमिनीवर, तिरपा. पाटांचे पाय, रांगोळीचा कोपरा, एक स्टीलची बादली येते आणि जाते. आणि आवाज. काका वाढतायत, त्यांची चप्पल मी ओळखली. पवार संरक्षणमंत्रीपद सोडून मार्चमध्ये परत मुख्यमंत्री झालेले, विषय तोच.

"दिल्लीहून पवार आणले तरी काही होत नाही, दादा. पुढच्या वेळी आमचंच."

"आधी मठ्ठा वाढ."

"लिहून देतो."

"लिहून काय देतोस, मठ्ठा वाढ. मीठ कमी आहे त्यात, तुझ्या पक्षासारखा."

मग खूप जणांचं हसणं, त्यात एक आईचं. आईचं हसणं मी किती वर्षांनी ऐकलं ते मोजलं नाही. ताईने तो भाग चारदा लावायला लावला. सप्तपदीबद्दल ती काही बोलली नाही.

एक बारीक तक्रार राहिली. कॅसेट परत घेताना बघितलं तर खाचेवरची दादांची चिकटपट्टी गायब होती. जुना गोंद वितळून मशीनमध्ये लागतो म्हणून भाऊंनी खरवडून काढली होती. कारण बरोबर आहे, तरी विचारायला हवं होतं. आता त्या कॅसेटवर परत काही रेकॉर्ड होणार नाही एवढं खरं.

एकूण खर्च: अकरा कॅसेटींचे चव्वेचाळीसशे, दोन कॅसेटींच्या बुरशीचे तीनशे, पेन ड्राइव्ह वेगळा. रोख द्या, ते ऑनलाइनला कंटाळतात. दुपारी एक ते चार झोपतात. मेन रोडला गाडी नेऊ नका, लांब लावा आणि चालत जा. काम म्हणाल तर उत्तम, फक्त 'फालतू काढू नका' हे कागदावर लिहून कॅसेटला रबराने बांधा.

रविवारी सकाळी काकांच्या धाकट्याचा फोन आला. त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. त्यालाही पंगतीचा भाग हवा होता. म्हटलं, तुझ्या भावाला कालच दिलाय, त्याच्याकडून घे की, शेजारीच तर राहता. तो म्हणाला, "तू वेगळा करून दे." सोमवारी परत जिना चढले. दुसऱ्या कॉपीचे भाऊंनी शंभर रुपये घेतले.